‘मी’ कुठून आला?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री उशिरा दारावर थाप पडते, आतून कोणीतरी विचारते, “कोण आहे?” आणि बाहेरचा माणूस एवढेच म्हणतो, “मी.” काटेकोरपणे पाहिले तर हे काही उत्तर नव्हे, कारण दाराबाहेर उभा राहणारा प्रत्येक जण स्वतःला ‘मी’च म्हणणार, तरीही कडी निघते, कारण ओळख शब्दाने पटत नाही, आवाजाने पटते. माझा आवाज आपल्या ओळखीचा असण्याचे कारण नाही, म्हणून आज त्या एकाक्षरी शब्दाविषयीच बोलावे असे मी ठरवले आहे.

शाळेत ज्यांनी संस्कृत घेतले होते, त्यांना ‘अस्मद्’ या सर्वनामाची रूपे अजून तोंडपाठ असतील. अहम्, माम्, मया, मह्यम्, मत्, मम, मयि. पाठांतराच्या घाईत बहुधा आपल्या लक्षात येत नाही की या माळेतला पहिला मणी बाकीच्यांशी जुळत नाही. पुढची सगळी रूपे ‘म’ने सुरू होतात आणि कर्त्याचे रूप तेवढे ‘अहम्’. हा संस्कृतचा लहरीपणा नव्हे. लॅटिनमध्ये कर्ता ‘एगो’ आणि कर्म ‘मे’, इंग्रजीत ‘आय’ आणि ‘मी’, जर्मनमध्ये ‘इश’ आणि ‘मिश’. म्हणजे या भाषा एकमेकींपासून वेगळ्या होण्याआधीच बोलणाऱ्या माणसासाठी दोन निरनिराळे मूळ शब्द वापरात होते, एक तो कर्ता असतानाचा आणि दुसरा इतर सर्व प्रसंगांचा. अहम्, एगो, इश आणि आय हे चार शब्द कानाला कितीही वेगळे लागले तरी एकाच घरातले आहेत.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत ‘अहम्’पासून आलेले सर्वनाम नाही. आपला ‘मी’ हा, बहुतेक अभ्यासकांच्या मते, ‘मया’ या तृतीयेच्या रूपावरून प्राकृत ‘मए’ आणि अपभ्रंश ‘मइं’ अशी वळणे घेत आलेला आहे, आणि ‘मया’चा अर्थ ‘मी’ असा नसून ‘माझ्याकडून’ असा आहे. थोडक्यात, आपण मराठी माणसे स्वतःला कर्ता म्हणून मिरवताना जे रूप वापरतो ते मुळात करणाऱ्याचे नव्हे, ज्याच्या हातून काही घडले त्याचे आहे.

हे ऐकायला शब्दच्छल वाटेल, पण याचा पुरावा आपण रोज जेवताना देतो. “मी आंबा खाल्ला”, “मी पोळी खाल्ली”, “मी केळे खाल्ले” ही तीन वाक्ये घ्या. खाणारा एकच, मग तो पुरुष असो की स्त्री. क्रियापद मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, ते आंबा, पोळी आणि केळे यांच्या लिंगाप्रमाणे वळते. ‘मया आम्रः खादितः’, म्हणजे ‘माझ्याकडून आंबा खाल्ला गेला’, ही संस्कृतची रचना आपण जशीच्या तशी चालवत आहोत. राम खातो तेव्हा “रामाने आंबा खाल्ला” असे ‘ने’ लावावे लागते. ‘मी’ला ते लागत नाही, कारण ‘ने’चा अर्थ त्याच्या पोटात आधीपासूनच आहे. हिंदीतला ‘मैं’ही याच ‘मया’च्या कुळातला, पण हिंदी भाषकांना त्याचा विसर पडला आणि त्यांनी त्यावर आणखी एक ‘ने’ चढवून ‘मैंने’ केले, अंगरख्यावर अंगरखा घालावा तसे. मराठीत ‘मीने’ असे कोणी म्हटले तर आपल्याला हसू येते, आणि ते योग्यच आहे.

शेजारच्या दोन भाषांनी या बाबतीत वेगळे मार्ग धरले. गुजरातीने दोन्ही रूपे जपली. जायचे असेल तेव्हा तिथे ‘हुं’, म्हणजे ‘अहम्’चा वंशज, पण केरी, म्हणजे आंबा, खाऊन झाला की “में केरी खाधी”. गोव्याच्या आणि किनारपट्टीच्या कोंकणीत ‘हांव’ आहे, तोही अहम्-कुळातलाच. आणि आंबा खाल्ल्यावर कोंकणी माणूस ‘हांव’लाच तृतीयेचे रूप देऊन “हांवें आंबो खाल्लो” म्हणतो. मराठीत तृतीयेने प्रथमेला गिळले, कोंकणीत प्रथमेने तृतीयेची जागा घेतली, आणि गुजरातीत दोघी गुण्यागोविंदाने नांदल्या. बंगालीत आणखी गंमत झाली: ‘मया’पासून आलेला ‘मुइ’ बोलींपुरता उरला आणि मूळचा अनेकवचनी, आपल्या ‘आम्ही’चा भाऊ असलेला ‘आमि’ एकट्या माणसाचा झाला. मग अनेकांसाठी ‘आमरा’ हे नवे रूप घडवावे लागले. आपल्याकडे स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेणे राजेरजवाड्यांपुरते राहिले. बंगालमध्ये तो मान सर्वांना मिळाला.

‘अहम्’ला हटवून ‘म’ने गादी बळकावल्याची घटना इराणातही घडली, आणि तिचे साक्षीदार पश्चिम इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेले आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सम्राट दारयवउश, ज्याला आपण दारियस म्हणतो, त्याने तिथे आपला पराक्रम तीन भाषांत कोरून घेतला. त्यातल्या प्राचीन फारसीत तो आपली ओळख ‘अदम्’ या शब्दाने करून देतो. हा आपल्या ‘अहम्’चा सख्खा भाऊ. पण जे केले ते सांगायची वेळ आली की शब्द बदलतात: “इम त्य मना कर्तम्”, हे ते माझे केलेले. ‘मना’ म्हणजे संस्कृतचा ‘मम’, आणि ‘कर्तम्’ म्हणजे ‘कृतम्’. पुढे फारसीतून ‘अदम्’ नाहीसा झाला आणि आज तेहरानमध्ये कोणालाही विचारा, तो स्वतःला ‘मन’ म्हणेल. त्यांच्या शेजारच्या कुर्दांनी मात्र कुर्मांजी बोलीत जुनी वाटणी टिकवली आहे: जातो तेव्हा ‘एझ’, सफरचंद खाल्ले तेव्हा ‘मिन’. गुजराती ‘हुं’ आणि ‘में’ यांच्याशी हे इतके जुळते की ते वाचताना मला बडोद्याच्या कोणाशी बोलल्यासारखे वाटते.

बोलण्यातून हद्दपार केलेल्या ‘अहम्’चे मराठीत पुढे काय झाले, हाही पाहण्यासारखा प्रकार आहे. सर्वनाम म्हणून त्याला घरात जागा उरली नाही, पण अहंकार, अहंता, अहंमन्य, अहमहमिका अशा शब्दांत तो ठाण मांडून बसला, आणि त्यातला एकही शब्द कौतुकाचा नाही. अलीकडे त्याच्या जोडीला लॅटिन चुलतभाऊही येऊन राहिला आहे. “त्याचा इगो दुखावला” असे आपण सर्रास म्हणतो. ‘म’च्या बाजूलाही ‘मीपणा’ हा दोष आहेच, परंतु ‘मम’वरून आलेल्या ‘ममते’ने त्याची बरीच भरपाई केली आहे.

पुन्हा त्या बंद दाराकडे येतो. “कोण आहे?” या प्रश्नाला इंग्रज माणूस “इट्स मी” म्हणतो आणि फ्रेंच माणूस “से म्वा” म्हणतो. दोघेही कर्त्याचे रूप टाळून ‘म’चे रूप पुढे करतात, आणि इंग्रजीच्या व्याकरणपंडितांनी “इट इज आय” हेच शुद्ध असे कितीही बजावले तरी दाराशी उभा राहून तसे म्हणणारा क्वचितच सापडतो. त्या इंग्रजी ‘आय’ला नेहमी मोठे अक्षर मिळते ते आत्मप्रौढीमुळे, असे आपल्याकडे काही जण हसत सांगतात, खरे कारण पुष्कळ साधे आहे. जुन्या ‘इच’मधला शेवटचा ध्वनी झडून एकटा ‘आय’ उरला, आणि हस्तलिखितात ती एकुलती बारीक रेघ शेजारच्या अक्षरांत हरवू नये म्हणून लेखनिक ती उंच काढू लागले.

सर्वच भाषांत ‘मी’ इतका पुरातन नसतो. जपानी पुरुष मित्रांमध्ये स्वतःसाठी ‘बोकु’ म्हणतो, आणि ते ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचा अर्थ चाकर असा आहे. मलय भाषेतला ‘साया’ तर आपल्याच ‘सहाय’ या संस्कृत शब्दाचा झिजलेला अवतार आहे. सोबती, मग सेवक, आणि अखेर नम्रपणे बोलणारा ‘मी’, असा त्याचा प्रवास झाला. पत्राच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणाऱ्यांना हे फारसे परके वाटू नये.

आता एक घरची गोष्ट. माझी आजी “म्या भाकरी केली”, “म्या सांगितलं” असे म्हणत असे, आणि तिचे ऐकून मीही तिसरीत असताना निबंधात ‘म्या’ लिहिले. गुरुजींनी त्याखाली लाल रेघ ओढून वर ‘मी’ लिहिले, शेजारी ‘अशुद्ध’ असा शेराही दिला. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीत हाच शब्द ‘मियां’ या रूपात ‘माझ्याकडून’ या अर्थाने येतो, हे मला फार पुढे कळले. आणि त्याहून उशिरा लक्षात आले की आजी “म्या बाजारात गेले” असे कधीच म्हणत नसे. तिथे ती न चुकता “मी गेले” म्हणे. जाण्याला कर्म नसते, त्यामुळे ‘मया’ लागत नाही. हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता, कारण ती शाळेत गेलीच नव्हती. निबंधाच्या त्या वहीत “मी मामाच्या गावाला गेलो” हे वाक्यही होते, आणि त्याखाली लाल रेघ नव्हती.

नमस्कार.