साक्षांकन नमुना आणि तालमीतली पोरं

[दृश्य: टेबलावर कोरा अर्ज, त्यावर पेन]

हा साक्षांकन नमुना. सरकारी नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराला तो भरून द्यावा लागतो. नाव, पत्ता, शिक्षण झरझर लिहून होतं. मग एक रकाना येतो: कधी अटक झाली होती का? खटला चालला का? दंड झाला का? चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला होता का?

कोल्हापुरात हा रकाना जरा जास्तच टोचतो. टोलविरोधी मोर्चे, महामार्गावर ऊसदरासाठी चक्का जाम, मिरवणुकीतली डॉल्बी. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी पोरं आणि मिरवणुकीत पुढं नाचणारी पोरं अनेकदा एकाच पेठेतली, एकाच तालमीतली असतात. डॉल्बीचा गुन्हा बहुधा मंडळाच्या अध्यक्षावर दाखल होतो. त्या वर्षीचा अध्यक्ष कोण, तर ज्याला कुणी नाही म्हणू दिलं नाही तो!

[दृश्य: शाहूपुरी पोलीस ठाण्याचा रस्ता, सकाळ]

नोकरी देणारं खातं पोलिसांचा संगणक स्वतः उघडून बघत नाही. ते पोलिसांना पत्र पाठवून विचारतं. पत्र पोलीस अधीक्षक कार्यालयात येतं, तिथून संबंधित ठाण्यात जातं. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, जिथं उमेदवार राहतो तिथं. अहवाल तयार होऊन उलट जातो. ‘निरंक’, म्हणजे काहीच नोंद नाही, असं असेल तर विषय संपला.

पोलीस मात्र खूप काही पाहू शकतात. पूर्वी ठाण्याची रजिस्टरंच असायची. कागलचा गुन्हा राजारामपुरीत कळायला पत्र लागायचं. 2009 मध्ये केंद्रानं सीसीटीएनएस ही योजना मंजूर केली आणि देशभरातली ठाणी एका जाळ्यात आणायला सुरुवात झाली. त्यावर आयसीजेएसची जोड आली, म्हणजे पोलीस, न्यायालय, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांची माहिती एकमेकांना मिळण्याची सोय. 2022 चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा तर बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं अशा नोंदी 75 वर्षं ठेवायला सांगतो. त्या सांभाळतो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, आणि तपास यंत्रणांना पुरवण्याची मुभाही त्यालाच आहे.

पूर्वी शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे मार्गही संपले, तर याच कायद्यानुसार ते ठसे नष्ट करायचे असतात, न्यायालयानं कारणं लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. पण ही तरतूद ठशांसाठी आणि मोजमापांसाठी आहे. ठाण्यातला गुन्हा क्रमांक त्यानं पुसला जात नाही. आणि खरी गोची तिथंच होते. गुन्हा त्याच दिवशी नोंदवला जातो. निकाल मात्र कुणीतरी आणून चढवावा लागतो. अहवालात ‘गुन्हा दाखल’ एवढंच गेलं आणि ‘निर्दोष’ हा शब्द मागं राहिला, तर खात्यातल्या साहेबानं काय समजायचं? आमच्या मते, निकालाची ओळ नसलेला अहवाल पुढं पाठवूच नये. तोवर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घरात जपून ठेवलेली बरी.

लपवालपवी मात्र महागात पडते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये हा गुंता बराच सोडवला. माहिती खरी द्यावी, हा पहिला नियम. पण तरुणपणी घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण कुणी लिहायचं राहून गेलं, तर खातं ते स्वतःच्या अधिकारात सोडून देऊ शकतं. घोषणांचं उदाहरण न्यायालयाचंच आहे, कोल्हापूरकरांना ते आपल्यासाठीच दिलंय असं वाटेल! उलट बाजूही आहे. सगळं खरं लिहिलं तरी नेमणूक द्यायलाच हवी, असं खात्यावर बंधन नाही.

अठराच्या आतल्या मुलांना वेगळं संरक्षण आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही.

[दृश्य: दसरा चौक, शाहू महाराजांचा पुतळा]

नोंदवहीचा जाच या मातीनं आधीही पाहिलाय. ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. संस्थानातही काही जातींच्या लोकांना गावात रोज हजेरी द्यावी लागायची, गुन्हा केला असो वा नसो. शाहू महाराजांनी 1918 मध्ये ती हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना थेट पहाऱ्याच्या कामावर घेतलं. ज्याच्यावर पहारा, त्यालाच पहारेकरी! देशात तो कायदा गेला 1952 मध्ये. तरीही 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं, की मागास समाजातला आहे एवढ्यावरून कुणाची हिस्ट्रीशीट, म्हणजे पोलिसांकडची पाळतीची नोंद, यांत्रिकपणे उघडू नका.

[दृश्य: भाऊसिंगजी रोड, सर्किट बेंच]

नेमणूक नाकारली गेली तर? पोलीस भरतीचा वाद आधी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो आणि मॅटचं मुख्य पीठ मुंबईत आहे. जिल्हा परिषद किंवा निमलष्करी दलाच्या नोकरीसाठी उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठीही पूर्वी मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय.