अजून

[दृश्य: टॅबलेटचा पडदा, अगदी जवळून. चित्रांच्या चौकोनांची जाळी. एका चौकोनावर अधांतरी थांबलेलं लहान बोट.]

वय सहा वर्षं. बोट चौकोनापर्यंत पोचलंय, पण दाबेल की नाही हे आत्ता खोलीत कुणालाच ठाऊक नाही. समोर बसलेल्या स्पीच थेरपिस्ट ताईंच्या हातात साबणाच्या पाण्याची बाटली आहे. त्यांनी फुंकर थांबवलीय. त्या आठवण करून देत नाहीत, त्याचा हात धरत नाहीत. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजतात.

[टॅबलेटचा आवाज: “अजून.”]

[दृश्य: फुगे. मूल टाचा उचलून उड्या मारतं. निवेदन नाही.]

या मुलाबद्दल हा शब्द सगळ्यांनी वापरून झालाय. अजून बोलत नाही. अजून हाकेला ओ देत नाही. आज तो शब्द त्यानं स्वतः वापरला, आणि शब्दाचा अर्थच बदलला.

ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण 25 ते 30 टक्के मुलं शाळेच्या वयाची झाली तरी बोलत नाहीत, किंवा मोजकेच शब्द बोलतात. सांगायचं मात्र पुष्कळ असतं. हाताला धरून ओढत नेणं, वस्तू ढकलून देणं, किंचाळणं, स्वतःच्याच मनगटाला चावणं, यातलं बरंचसं सांगणंच असतं. आपल्याला त्याची भाषा येत नाही, इतकंच.

[दृश्य: जुना कळफलक. त्यावरून कार्डांच्या वहीवर, वहीवरून टॅबलेटवर.]

संगणकाची मदत घ्यायची कल्पना टॅबलेटपेक्षा खूप जुनी आहे. 1968 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी न बोलणाऱ्या मुलांना संगणकाला जोडलेल्या कळफलकापुढे बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. कळ दाबली की पडद्यावर काहीतरी उमटायचं आणि आवाज यायचा. शंभर वेळा दाबली, तर शंभर वेळा. एवढा धीर माणसाला राहत नाही.

पुढे 1976 मध्ये एडिंबरा विद्यापीठातून सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांचा अहवाल आला. त्यांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या हाती बटणांची पेटी दिली होती. बटण दाबलं की जमिनीवरचं यांत्रिक कासव पुढे जायचं, वळायचं. आपण काही केलं आणि समोर काही हललं, हा अनुभव त्याला मिळाला, आणि त्यातूनच तो आजूबाजूच्या माणसांशी संवाद साधू लागला.

1985 मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत बसवली. हव्या असलेल्या गोष्टीचं कार्ड काढायचं आणि समोरच्याच्या हातात ठेवायचं. तिच्यात संगणक नाही, तरी ती इथे सांगायलाच हवी, कारण संवादाला समोर माणूस लागतो हे ती पहिल्याच पायरीवर शिकवते. त्या काळातली बोलणारी यंत्रं जड होती, फार महाग होती. 2010 मध्ये आयपॅड आला आणि तोच आवाज मुलाच्या मांडीवर येऊन बसला.

[दृश्य: आई आणि मूल जमिनीवर. आई बोलता बोलता स्वतः चौकोन दाबतेय.]

इथे आईच्या बोटाकडे पाहा. “चल”, “बाहेर”. तोंडानं म्हणतेही आणि दाबतेही. मूल भलतीकडेच बघतंय. आई थांबत नाही. तान्हं मूल पहिला शब्द बोलण्याआधी वर्षभर आपलं बोलणं कानांवर घेतं. या चौकोनांची भाषा त्याच्यासमोर कुणी वापरलीच नाही, तर ती त्याला यावी कुठून?

[दृश्य: पडदा पुन्हा. चौकोनांवरून सावकाश.]

मी, तू, अजून, नको, थांब, मदत, झालं. बारकाईनं बघितलं तर यात वस्तूंची नावं जवळजवळ नाहीत. ती आतल्या पानांवर आहेत. पहिल्या पानावर रोज, सगळीकडे लागणारे शब्द हवेत. अनेक ठिकाणी मुलाला नुसती हव्या असलेल्या वस्तूंची चित्रं देतात. मग त्याला मागता येतं, पण नाकारता येत नाही, तक्रार करता येत नाही. “नको” हा चौकोन सगळ्यात आधी द्यायला हवा असं आम्हाला वाटतं.

या चौकोनांच्या जागाही बदलायच्या नाहीत. टंकलेखन करणाऱ्याची बोटं कळ शोधत बसत नाहीत, तशीच या मुलाचीही सरावतात. आणि मराठीत आणखी एक पेच आहे. “मी”, “पाणी”, “पाहिजे” असं ओळीनं दाबलं तर वाक्य मोडतं. “मी”चं “मला” व्हावं लागतं. मुलासाठी “जातो” आणि मुलीसाठी “जाते” हवं. दुसऱ्या भाषेतलं ॲप नुसतं मराठीत उतरवून भागत नाही.

[दृश्य: आई, कॅमेऱ्याकडे पाठ. खांद्यावरून दिसणारा पडदा.]

यंत्राची सवय लागली तर हा कधीच बोलणार नाही, ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. 2006 मध्ये, बोलण्याला पर्यायी साधनं दिल्यावर काय होतं हे पाहणाऱ्या जुन्या अभ्यासांची छाननी झाली. त्यात विकासात्मक अडचणी असलेल्या 27 जणांच्या नोंदी काटेकोर तपासता आल्या. एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंबहुत वाढलं होतं. 2014 मध्ये कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी 5 ते 8 वर्षांच्या, अगदी थोडे शब्द असलेल्या 61 ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला खेळातून संवाद शिकवला, दुसऱ्या गटाला तेच शिकवताना बोलणारं यंत्र जोडीला दिलं. आपणहून संवाद साधणं दुसऱ्या गटात जास्त वाढलं. तेव्हा आधी बोलू दे, मग टॅबलेट बघू, असं म्हणून वर्षं घालवू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून टंकलेखन करून घेण्याचीही एक पद्धत आहे. चाचण्यांमध्ये तिथले शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये ती वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. या चित्रीकरणात त्याचा हात कुणीही धरलेला नाही.

पुढे शाळा आहे, दवाखाना आहे, मोठेपण आहे. बॅटरी संपते, यंत्र बिघडतं, आणि प्रत्येक मुलाला ते सारखंच जमतं असंही नाही.

[दृश्य: कागदावर छापलेला तोच फलक, नळाशेजारी भिंतीवर. ओल्या बोटानं “झालं” दाखवणारा हात.]

[दृश्य: पुन्हा खोली. फुगे संपलेत. मूल कॅमेऱ्याकडे पाहतं, मग टॅबलेटकडे. दोन चौकोन, एकापाठोपाठ एक.]

[टॅबलेटचा आवाज: “अजून. नको.”]

ताईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही कॅमेरा बंद केला.

[पडदा काळा.]