६४ खांबांची पट्टी

(गादीवर पसरलेली फिकट पिवळी विणलेली पट्टी, वरून शॉट)

हे जे समोर पसरलंय ना, ही फक्त एक सरळ पट्टी आहे, १६ इंच रुंद आणि ५० इंच लांब. हिला गळा नाही, मुंढा नाही, कुठे काही कापलेलं नाही आणि तरी हिचाच पूर्ण बाह्यांचा श्रग होतो, म्हणजे टॉपवर चढवायचा, समोरून उघडा जाळीदार कपडा. पट्टी लांबीच्या बाजूने मधोमध दुमडायची, म्हणजे रुंदी १६ ची ८ होते आणि लांबी ५० च राहते, मग दोन्ही टोकांकडून १६-१६ इंच शिवत आणायची, मधला १८ इंचाचा भाग उघडा ठेवायचा. शिवलेल्या बाजूच्या बाह्या झाल्या, उघडा भाग पाठीवर बसला. बस्स.

आपण आहोत परभणीत. विणतेय कॉलेजला जाणारी एक मुलगी आणि शिकवतायत तिच्या मावशी, ज्यांच्या हातात क्रोशाची सुई लग्नाच्या आधीपासून आहे.

मुलीकडे तीन-चार स्लीवलेस टॉप आहेत, आवडीने घेतलेले. आता कुर्ती घेतली तर आत पिन लावून बाह्यांचं कापड येतं, टेलर दहा मिनिटात लावून देतो, पण टॉपला ती सोय नसते, म्हणून ते टॉप कपाटात पडून राहतात नाहीतर वरून जॅकेट चढवावं लागतं, आणि परभणीच्या गर्मीत जॅकेट म्हणजे शिक्षाच की. श्रग वरून घालायचा, क्लासमधे एसी असेल तर ठेवायचा, घरी आलं की काढून टाकायचा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणाऱ्या पोरींना विचारा, बाहेर घाम आणि आत एसीने दात वाजतात, तिथे तर हा हवाच.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. जाळीदार श्रगने ऊन अडत नाही. दुपारी स्कूटीवर निघायचं तर आपला सनकोट आणि स्कार्फ लागणारच, त्याची जागा हा घेत नाही.

(मावशींच्या घरातलं दार, वर क्रोशाचं तोरण)

मराठवाड्यात क्रोशा घराघरात होता, अजूनही आहे. दारावर तोरण, टीव्हीवर रुमाल, पूजेच्या ताटावर झाकायचा रुमाल, बाळाचं टोपडं, मोजे. आणि सगळ्यात जास्त तो दिसायचा रुखवतात. मुलीचं लग्न ठरलं की आई, मावश्या, शेजारच्या काकू सगळ्या बसून विणायच्या, मग लग्नात ते मांडलं जायचं आणि सगळे वाकून वाकून बघायचे. मावशींनी स्वतःच्या रुखवतासाठी विणलेला टेबलक्लॉथ अजून ट्रंकेत आहे, कडक इस्त्री करून ठेवलेला. एवढं सगळं विणलं त्यांनी, पण स्वतःच्या अंगावर घालायचं एकही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "कोण घालतंय माय तेव्हा असलं, साडीवर स्वेटर घातला की झालं."

आणि यात एक फरक पडतो, तो मला महत्त्वाचा वाटतो. तोरण दाराच्या मापाचं, रुमाल टीव्हीच्या मापाचा, इंच इकडेतिकडे झालं तरी कोणी बोलत नाही. अंगावर घालायचं म्हटलं की ज्या बाईने घालायचं तिचंच माप, दुसऱ्या कोणाचं चालत नाही. म्हणूनच यूट्यूबवरच्या व्हिडिओत सांगितलेल्या सुरुवातीच्या साखळ्या (एकात एक ओवलेले फासे) मोजून सुरुवात करू नका. व्हिडिओतल्या बाईचा दोरा वेगळा, सुई वेगळी, हात सैल की घट्ट ते वेगळं, आणि दंड तर वेगळाच.

(टेप घेऊन मावशी माप घेतायत)

मापं किती? दोन. दोन्ही हात आडवे पसरून एका मनगटापासून पाठीवरून दुसऱ्या मनगटापर्यंत, आणि दंडाचा जिथे सगळ्यात जास्त घेर आहे तिथला घेर. या मुलीचं मनगट ते मनगट ५२ इंच भरलं, दंड १२ इंच. दंडात ४ इंच सैल धरले, म्हणजे पट्टीची रुंदी १६. आणि लांबी ५२ ऐवजी ५० ठेवली, कारण दोरा कॉटनचा आहे. कॉटन जड असतं, लोकरीसारखं परत आखडत नाही, अंगावर चढलं की स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं आणि बाही बोटांवर येऊन बसते. ते दोन इंच मावशींनी आधीच कमी केले.

मग दोरा कोणता घ्यायचा. दुकानात गेलात की आधी अ‍ॅक्रिलिकच दाखवतात, रंग भारी असतात, स्वस्त असतं, हाताला मऊ लागतं. डिसेंबर-जानेवारीत ठीक आहे, तेव्हा परभणीत पारा दहाच्या खाली उतरतो, सकाळी लोक शेकोटीशेजारून उठत नाहीत. पण एप्रिलमधे अ‍ॅक्रिलिक अंगावर ठेवून दाखवा. त्यात घाम शोषला जात नाही, नुसतं चिकचिक होतं. आपल्याकडे कॉटनच बरं, आणि आपण तर कापसाच्या मुलखातली माणसं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेला एनएचएच ४४ हा कापसाचा वाण, ज्याला शेतकरी नांदेड ४४ म्हणायचे, तो १९८० च्या दशकात आला आणि कितीतरी वर्ष शेतात दिसायचा. शिवारात कापूस आणि विणायला मात्र अ‍ॅक्रिलिक, हे मला तरी पटत नाही.

२५० ते ३५० ग्रॅम कॉटन पुरतं. सगळ्या गुंड्या एकदमच घ्या आणि कागदी पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे का ते बघून घ्या, कारण तोच रंग दुसऱ्या लॉटमधे किंचित वेगळा येतो, दुकानात ट्यूबलाइटखाली कळत नाही आणि उन्हात गेलं की एक बाही फिकट दिसते.

(हातांचा क्लोजअप, सुई आणि दोरा)

आता सुई ४ मिलिमीटरची. पण श्रग लगेच सुरू करायचा नाही. आधी नमुना विणायचा, ५-६ इंचाचा चौकोन, तो धुवायचा, वाळवायचा आणि मग मधले ४ इंच मोजायचे. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि सगळे टाळतात, पण सगळा हिशोब याच्यावरच उभा आहे. इथे ४ इंचात १६ खांब (क्रोशाचे उंच टाके) बसले आणि ८ ओळी. म्हणजे इंचाला ४ खांब, इंचाला २ ओळी. १६ इंच रुंदीला ६४ खांब, ५० इंच लांबीला १०० ओळी. तुमच्या हाताला १६ च्या जागी १८ खांब बसले तर तुमचा आकडा वेगळा येईल, तोच तुमचा बरोबर.

"मावशी, साखळ्या किती घालू मग, ६४?"

"६६ घाल. वळायच्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून धरायच्या, सुईपासून चौथ्या साखळीत खांब टाक. मोज मग, ६४ भरतेत."

खांब कसा होतो ते जरा हळू बघूया. सुईवर आधी एक वेढा. सुई साखळीत घातली, दोरा ओढून वर आणला, आता सुईवर तीन फासे. परत दोरा, दोन फाशांतून काढला. परत दोरा, उरलेल्या दोनांतून काढला. एका खांबाला दोरा चार वेळा सुईवर येतो. पट्टीत ६४ गुणिले १०० म्हणजे ६४०० खांब, आणि दोरा सुईवर यायचा तो २५ हजारांच्या वर वेळा. काठ आणि मनगट यात धरलेलंच नाही.

(ओळीच्या शेवटचा टाका, अगदी जवळून)

इथे थांबा, इथेच बहुतेकींची पट्टी वाकडी होते. ओळीचा शेवटचा खांब कुठे टाकायचा, तर मागच्या ओळीत वळताना ज्या ३ साखळ्या घातल्या होत्या त्यांच्या सगळ्यात वरच्या साखळीत. ती साखळी आडवी पडलेली असते, बारीक दिसते, टाका म्हणून डोळ्यात भरतच नाही. ती सुटली की ६४ चे ६३, पुढच्या ओळीत ६२, आणि वीस ओळींनी बघावं तर पट्टी दोन्ही कडांनी निमुळती. मावशींचा उपाय सोपा आहे, त्या साखळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायचा म्हणजे ती लपत नाही, आणि पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक वेळी टाके मोजायचे. मुलगी वैतागली होती, "दर ओळीला काय मोजायचं मावशी!" त्या म्हणाल्या, "मोजायली तर उसवायचं काम नाही." पुढे हाताला सवय झाली की मोजणं आपोआप कमी होतं.

बाकीच्या ओळींबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, विणत राहायचं, गप्पा मारत, सिरियल बघत.

आता हे विणकाम शिकून आलेलं आहे, आपल्याकडचं मूळचं नव्हे. आणि इथे मला नरसापूरचं नाव घ्यायचंय. आपली गोदावरी पैठण, गंगाखेड, नांदेड करत खाली आंध्रात जाते, समुद्राला मिळण्याआधी तिचे फाटे होतात, त्यातल्या वसिष्ठ गोदावरीच्या काठावर नरसापूर आहे. तिथे १९ व्या शतकात मिशनरी बायकांनी क्रोशाची लेस शिकवली आणि आजही त्या भागात घरोघरी बायका तेच विणतात, माल परदेशात जातो. २०२४ मधे त्या लेसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच नदीच्या काठची कला आहे म्हटलं तर चुकणार नाही, फक्त त्यांनी ती बाजारात नेली आणि आपल्याकडे ती दारावर आणि रुखवतात राहिली.

दुसरं, खरा क्रोशा विणणारं मशीन अजून कारखान्यांत वापरात नाही. बाजारात जी मशीनची जाळी मिळते ती क्रोशासारखी दिसते पण विणलेली वेगळ्या पद्धतीने असते. म्हणजे दुकानात किंवा ऑनलाइन खरा क्रोशाचा टॉप दिसला तर तो कोणीतरी, बहुतेक कुठल्या तरी बाईने, हातानेच केलेला आहे. म्हणून कोणी म्हटलं ना की "२०० रुपयात दे की, दोराच तर आहे", तर त्याला ६४०० खांबांचा आकडा सांगा. मावशींना असं म्हणणारे भेटलेत आणि त्यांनी सरळ नाही म्हटलंय, बरोबर केलं.

(पट्टी दुमडलेली, कडेला सेफ्टी पिना)

पट्टी झाली. आता शिवायची घाई नको. दुमडा, मनगटापासून १६ इंचावर दोन्हीकडे सेफ्टी पिना लावा आणि घालून बघा. हात वर करा, पुढे करा, स्कूटीचं हँडल धरल्यासारखे धरा. काखेत ओढत असेल तर पीन दोन ओळी मनगटाकडे सरकवा, पाठीवर ढगळ वाटत असेल तर उलट. हे दोन-चार ओळींचं सरकवणं, सगळं फिटिंग इथे ठरतं. या मुलीला १६ वरच बसलं.

मग मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्यायची, त्याच दोऱ्याने कडेला कड लावून शिवायचं, फार ओढायचं नाही नाहीतर शिवण आखडते.

उघड्या भागाला चारही बाजूने काठ लागतो, त्याशिवाय श्रग खांद्यावरून घसरतो. एका बाजूला ३६ ओळी, दोन्ही मिळून ७२, प्रत्येक ओळीच्या कडेत दोन मुके खांब (आधी वेढा न घेता टाकलेले बुटके टाके), झाले १४४. त्यावर खांबांच्या दोन-तीन ओळी, एक खांब पुढून उचलून आणि एक मागून, असं आलटून पालटून, म्हणजे काठ दाटसर होतो आणि मानेशी नीट बसतो.

मनगटाला घेर १६ इंच आहे, तसाच ठेवला तर बाही घंटेसारखी पसरते. फोटोत छान दिसते, पण गॅसजवळ काम करणाऱ्या हाताला मी तरी ती सुचवणार नाही. इथे दोन-दोन खांब एकत्र करत ६४ चे ३२ केले, मनगट ८ इंचावर आलं, पुढे काठासारखीच विण.

(मुलगी काळ्या टॉपवर श्रग घालून आरशासमोर)

"लांब नाही ना होणार हा धुतल्यावर?"

"दोरीवर टाकलास तर होणारच. आडवा वाळव, टॉवेलवर. हँगरला तर बिलकुल लटकवू नको, घडी घालून ठेव."

मावशींनी त्याच दिवशी टेप स्वतःच्या दंडाला लावला. १४ इंच. त्यात ४ मिळवून १८, म्हणजे ७२ खांब, सुरुवातीला ७४ साखळ्या. लांबी मुलीने मोजली, त्यांना हात पसरून उभं करून. रंग जांभळाच पाहिजे म्हणतायत, पण दुकानात त्या लॉटच्या दोनच गुंड्या उरल्यात, नांदेडला विचारून ठेवलंय.