व्हॅलेटा : टाक्यापासून गच्चीपर्यंत

माल्टाची राजधानी बघायला गेलेली मंडळी सेंट जॉन को-कॅथीड्रलमधलं कॅराव्हॅज्जिओचं १६०८ सालचं चित्र बघतात, तटावरून बंदराचे फोटो काढतात आणि निघतात. चित्र चुकवूच नये. पण शहर कळायचं तर साध्या घरांकडे बघावं लागेल.

१५६५ चा तुर्कांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी (हा ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ) एका उघड्या टेकडीवर या शहराचा पाया घातला. आखणी इटालियन अभियंता लापारेल्लीची, पुढचं बरंचसं बांधकाम माल्टाच्याच जेरोलामो कस्सारचं. रस्ते सरळ आखले, पण टेकडी सपाट करायला वेळ नव्हता. म्हणून आजही काही गल्ल्या थेट पायऱ्याच आहेत.

टेकडीवर झरा नव्हता. म्हणून नियमच झाला की प्रत्येक घराला स्वतःचं टाकं हवं. ते खडकात खोदायचं आणि निघालेला दगड भिंतीत वापरायचा, म्हणजे एका खर्चात दोन कामं. जलवाहिनीचं पाणी शहरात आलं ते थेट १६१५ मध्ये.

टाकं भरायचं गच्चीवरच्या पावसानं, त्यामुळे गच्ची नीट हवी. बेटावर लाकडाची टंचाई, म्हणून छतही दगडाचंच. आडवी ठेवलेली दगडी फरशी वाकताना तुटते, तिला फार लांब गाळा झेपत नाही. म्हणून खोली मोठी असेल तर थोड्याथोड्या अंतरावर कमानी घ्यायच्या आणि त्यांवर फरश्या टेकवायच्या. वर दगडाच्या चुरीचा थर, त्यावर ‘देफ्फून’ : चुना आणि कुटलेली मातीची भांडी. आपल्या वाड्यांतल्या चुना-सुरखीचाच हा भाऊबंद. ओला असताना तो दाबून ठोकायचा, उतार पन्हळीकडे ठेवायचा. ठोकण्यात कसर राहिली की तडे जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात छत गळतं.

भिंतीचा दगड ‘फ्रांका’, मधाळ रंगाचा चुनखडक. करवतीनं कापता येतो, पण सच्छिद्र आहे. समुद्राचा खार पाण्याबरोबर आत शिरतो, पाणी वाळलं की छिद्रांत स्फटिक धरतात आणि पृष्ठभाग पिठासारखा झडतो. जाणते गवंडी म्हणूनच तळाचे थर शक्यतो अधिक कठीण, प्रवाळी चुनखडकाचे घेत.

खरं नुकसान मात्र दुरुस्तीनं केलं. दगडांमधल्या दरजा सिमेंटनं भरल्या की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातूनच निघते. मग चिरा खाल्ला जातो आणि सिमेंटची रेघ चौकटीसारखी पुढे उरते. ओल अडवणारा रंग फासला तरी गत तीच. अशा भिंतीचं सिमेंट हलक्या हातानं छिन्नीनं काढायचं, खार उतरवायचा, मग दरजा चुन्यानं भरायच्या. दर काही वर्षांनी झडायचाच असेल तर चुना झडावा, चिरा नव्हे. चुना पुन्हा भरता येतो.