लिफ्ट चालवणारी मुलगी आणि तिचा एक सेंट

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजचा विषय छापलाय 'अमेरिकन कंट्री संगीतातली एक गीतकार जोडी आणि गीतकाराचे हक्क'. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतलं संगीत. हक्कांवर मी येणार आहे, पण आधी मनात साचलेली एक गोष्ट बोलून टाकतो.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या भागात भावगीतांचा कार्यक्रम झाला. कुणी केला ते जाऊ दे. नाट्यगृह भरलेलं. निवेदकानं गायकांची नावं घेतली, तबला, पेटी, व्हायोलिन, ध्वनिव्यवस्था, मध्यंतरातल्या बटाटेवड्यांचे प्रायोजक, सगळ्यांची नावं घेतली. तीन तासांत बावीस गाणी झाली आणि त्यातलं एकही कुणी लिहिलं हे कुणी सांगितलं नाही. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या घरातले. एका गाण्याला ते ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत होते. गायिकेनं अंतऱ्यातला एक शब्द बदलला, तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मध्यंतरात मी विचारलं, "आजोबा, हे गाणं फार आवडीचं दिसतंय?" ते म्हणाले, "माझंच आहे ते." बस, एवढंच. कागदाच्या बशीत वडा तसाच राहिला होता.

मी आत जाऊन निवेदकाला सांगितलं. तो म्हणाला, "सर, वेळ नाही हो." नाव घ्यायला दोन सेकंद लागतात! आपल्या लहानपणी आकाशवाणी हे रोज करत होती. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्याचा. गदिमा, पी. सावळाराम, शांताबाई ही नावं आपल्याला पाठ झाली ती पाठ्यपुस्तकापेक्षा रेडिओमुळेच. माझ्या आईला लिहायला फारसं येत नव्हतं, पण गाणं कुणाचं आहे ते ती पहिल्या ओळीला सांगायची.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डोक्यात सारखं ब्रायंट नवरा-बायकोचं नाव येत होतं. पत्रिकेतली गीतकार जोडी ती हीच. इथे हॉस्टेलवर राहिलेले, पन्नाशी ओलांडलेले कितीजण आहेत? हात वर करा बरं. 'लव्ह हर्ट्स' माहितीय? बघा, निम्मे हात वरच राहिले. नाझरेथ या स्कॉटिश बँडचं गाणं, असंच धरून चाललो होतो ना आपण? माझ्याकडची कॅसेट कुणाकडून तरी भरून घेतलेली, तिच्यावर बॉलपेननं फक्त बँडचं नाव. ते गाणं त्यांच्याही आधी, १९६० साली, एव्हर्ली ब्रदर्स या दोन गायक भावांनी गायलं, पाठोपाठ रॉय ऑर्बिसननं. आणि लिहिलं बूडलो ब्रायंटनं. हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

बूडलोचा जन्म १९२० चा, जॉर्जिया राज्यातला. मोल्ट्री नावाच्या गावात वाढला. हातात व्हायोलिन. १९३८ च्या सुमाराला अटलांटा फिलहार्मोनिकमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय वाजवत होता, मग बँडबरोबर गावोगाव हिंडायला लागला. असाच १९४५ मध्ये तो मिल्वॉकीच्या श्रोडर हॉटेलात वाजवत होता. त्या हॉटेलात लिफ्ट चालवायला एकोणीस वर्षांची मुलगी होती, मटिल्डा स्कडूटो, इटालियन वंशाच्या घरातली. तिनं त्याला पाहिलं आणि ओळखलं. ओळखलं म्हणजे, आठ वर्षांची असताना स्वप्नात पाहिलेला चेहरा हाच, असं ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली. काही दिवसांतच ती त्याच्याबरोबर निघून गेली. 'फेलीस' हे नाव त्यानं दिलेलं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात ना, तसंच म्हणा.

मग ट्रेलरमधला, म्हणजे गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घरातला संसार. हा रात्री वाजवायला जायचा, ही एकटी. वेळ जाईना म्हणून ओळी लिहायला लागली. तो परत आला की चाल बसायची. असा गाण्यांचा ढीग साठला. पत्रं पाठवली, नकार आले, पुन्हा पाठवली. १९४९ मध्ये लिटल जिमी डिकेन्सनं त्यांचं 'कंट्री बॉय' गायलं, ते चाललं, आणि १९५० मध्ये दोघं मुलांना घेऊन नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या माहेरघरी आले. स्वतः न गाता निव्वळ गाणी लिहून घर चालवणारे त्या गावातले पहिले म्हणून त्यांचं नाव घेतात.

हे काम ते कसं करायचे ते ऐका. सुटे कागद हरवतात म्हणून त्यांनी हिशेबाच्या मोठ्या बांधीव वह्या आणल्या. किराणा दुकानात गल्ल्याशेजारी खतावणी असते ना, तशा. जिथे उधारी मांडायची तिथे गाणी उतरवलेली, हातानं, एकामागून एक. मला या वह्यांचं फार अप्रूप वाटतं. 'सुचलं की लिहितो' म्हणणाऱ्या माझ्या कवीमित्रांना मी नेहमी त्या वह्यांबद्दल सांगतो. लिहून झालं की बूडलो रायमन सभागृहात जायचा, ग्रँड ओल ऑप्री या कंट्री गाण्यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या वेळी, आणि पडद्यामागे गायकांना गाठून गाणी ऐकवायचा. नाहीतर गायकालाच घरी जेवायला बोलवायचं. फेलीस इटालियन जेवण रांधायची, ताटं पुसली गेली की गिटार बाहेर यायची. पोट भरलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

तरी नकार चुकले नाहीत. 'बाय बाय लव्ह' तीसेक जणांनी नाकारलं असं सांगतात. १९५७ मध्ये एव्हर्ली बंधूंनी ते घेतलं. ध्वनिमुद्रणाचे माणशी ६४ डॉलर मिळणार, त्या दोघांना तेवढीच आशा होती! ते कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि पॉपच्या यादीत दुसरं.

आणि 'रॉकी टॉप'. १९६७. दोघं गॅटलिनबर्ग या डोंगरातल्या गावी हॉटेलात राहून एका अल्बमची गाणी लिहित होते, सगळी म्हातारपणावरची, संथ. फेलीसचा जीव उबगला. काहीतरी उडतं लिहूया म्हणून ती मागेच लागली. बूडलोची लय लागलेली, तो वैतागला, पण त्यानं गिटार उचललं आणि दहा मिनिटांत गाणं झालं. इथे जोडीनं आलेले जे आहात, त्यांनी आज घरी एका टेबलावर बसून सोळा ओळी लिहून बघा. भांडणातून गाणं निघालं तर मला कळवा. ऑस्बोर्न ब्रदर्सनी ते ब्लूग्रासच्या, म्हणजे बँजो-फिडलवरच्या वेगवान कंट्रीच्या ढंगात गायलं, टेनेसी विद्यापीठाचा बँड ते फुटबॉलच्या मैदानावर वाजवायला लागला, १९८२ मध्ये ते टेनेसीच्या राज्यगीतांपैकी एक झालं. २०१४ मध्ये तर लेक सिटी नावाच्या गावानं आपलं नाव बदलून रॉकी टॉप ठेवलं. गाण्याच्या हक्कदारांनी कोर्टात हरकत घेतली, तरी नाव बदललंच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं... नाही, पाच लिहिलंय. बरं, मग हक्कांचं भरभर सांगतो, कारण मी आलो होतो त्यासाठीच.

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानं तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे, प्रत्येक गाण्याला २ सेंट ठरवले. १९७८ पर्यंत तो दर हलला नाही. त्यातला साधारण एक सेंट प्रकाशकाचा, एक लिहिणाऱ्याचा. दहा लाख प्रती खपल्या की लिहिणाऱ्याला दहा हजार डॉलर. तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं कुणी ऐको न ऐको, त्यालाही तेवढेच. रेडिओवर वाजल्याचे पैसे वेगळे. ते गोळा करायला १९३९ मध्ये बीएमआय ही संस्था निघाली आणि खेड्यापाड्यांतली गाणी लिहिणाऱ्यांना तिनं दार उघडलं. आणि तिसरी गोष्ट करार. ॲकफ-रोझ या प्रकाशन कंपनीशी ब्रायंटांनी दहा वर्षांचा करार केला, त्यात अट घातली की मुदत संपल्यावर हक्क आमच्याकडे परत. त्या काळी असं कोण मागत होतं? पुढे त्यांनी स्वतःचं हाउस ऑफ ब्रायंट काढलं, 'रॉकी टॉप' त्यांच्या घरचंच राहिलं. बूडलो १९८७ मध्ये गेला, फेलीस २००३ मध्ये, आणि शेवटपर्यंत दोघांचं पोट गाण्यावर चाललं.

आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा तबकडीवरच्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. पण संस्थेकडे नोंदणी तर हवी! त्या आजोबांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कसली नोंदणी?" तुमच्या घरात, नात्यात कुणी गाणी लिहिली असतील, तर कार्यक्रम संपल्यावर मला दाराशी भेटा. अर्ज कसा करायचा ते मी सांगतो, बरोबर बसून भरूनही देतो.

वेळ संपली. एक गाणं ऐकू आणि थांबू. दादा, आवाज जरा वाढवा. थांबा, आधी मला बोलू दे.

गीत आणि संगीत, फेलीस ब्रायंट आणि बूडलो ब्रायंट. स्वर, डॉन आणि फिल एव्हर्ली. हं, लावा आता.