‘सैराट’चा ‘धडक’ होताना

करमाळा तालुक्यातील हे माळरान, हे उसाचे फड आणि ही पायऱ्यांची विहीर नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मुळे २०१६ साली घराघरांत पोहोचली. बुलेटवर रुबाबात फिरणारी आर्ची पाटलांची लेक आहे आणि परशाचे घर मासेमारीवर चालते. वर्गातला हा प्रसंग पाहा: नवे शिक्षक लोखंडे सर नाव विचारतात आणि आर्चीचा भाऊ प्रिन्स त्यांच्या थोबाडीत मारतो, पुढे पाटलांच्या घरी त्या थपडेचे कौतुकच होते. गावात कोणाची जात कोठे उभी आहे, हे एवढ्यात कळते.

अजय-अतुल यांनी या प्रेमकथेसाठी लॉस एंजलिस येथे सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले आणि हलगीच्या मुलखातल्या प्रेमाला व्हायोलिनांची साथ दिली. उत्तरार्धात परक्या शहरातल्या झोपडपट्टीत संसार सुरू होतो, तेव्हा गाणी थांबतात. अखेरच्या दृश्यात तर पार्श्वसंगीतही उरत नाही. ही रचना मूळ चित्रपटाचा कणा आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

‘सैराट’वर बेतलेला शशांक खेतान यांचा हिंदी ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी आला. उदयपूरचे तलाव, हवेल्या आणि रंगीबेरंगी गल्ल्या पडद्यावर देखण्या दिसतात. संगीतकारही तेच आहेत आणि ‘झिंगाट’ हिंदी शब्दांत पुन्हा वाजते. नायक मात्र आता उपाहारगृहाच्या मालकाचा मुलगा आहे, आणि त्याच्या जातीचा उल्लेख ओझरता येऊन जातो. अनेक समीक्षकांनी नेमके येथेच बोट ठेवले. राजकारणी बाप आणि घराण्याची अब्रू एवढ्यावरच संघर्ष उभा राहिल्यामुळे, ज्या कारणासाठी ही मुले मारली जातात तेच कारण पुसट झाले, हा त्यांचा आक्षेप होता व तो रास्त होता. नायक साकारणाऱ्या ईशान खट्टरच्या सहज अभिनयाची मात्र बहुतेकांनी मनापासून प्रशंसा केली. बदललेल्या शेवटावर मते विभागली: मूळ कथेत दोघेही मारले जातात आणि लहानगा मागे उरतो, तर येथे पती व मूल जाते आणि नायिका जिवंत राहते.

‘धडक’ तिकीटबारीवर चालला. २०२५ मध्ये आलेल्या ‘धडक २’ने ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ चित्रपटाचा आधार घेतला आणि नायकाची दलित ओळख कथेच्या केंद्रस्थानी ठेवली.