पिंग लागतोय, मग माशी शिंकली कुठे?

मंडळी, 'सर, कनेक्ट होत नाहीये' असा मेसेज मला दिवसातून दोनदा तरी येतो. त्यावर माझा प्रश्न ठरलेला: कसं होत नाहीये? पटकन नाही म्हणतंय, की नुसतंच लटकलंय? पोरं वैतागतात. म्हणतात, सर, काय फरक पडतो, चालत तर नाहीच ना. फरक इतका पडतो की अर्धं निदान तिथेच होतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं की मी निम्मा निर्धास्त होतो. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की पॅकेट पार समोरच्या मशीनपर्यंत पोचलं आणि मशीनने आरएसटी, म्हणजे नकाराचं पॅकेट, पाठवून सांगितलं, बाबा रे, या पोर्टवर, म्हणजे या क्रमांकाच्या दारावर, कोणी नाही. म्हणजे रूट ठीक, फायरवॉल ठीक, परतीची वाट ठीक. मग त्या मशीनवर एसएस, म्हणजे कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दाखवणारी कमांड, चालवून बघायचं. सर्व्हिस बंद असते, नाहीतर १२७.०.०.१ वर बसलेली असते, म्हणजे स्वतःशीच बोलत. पाच मिनिटांचं काम.

'टाइम्ड आउट' म्हणजे मौन. क्लाउडमधली फायरवॉल नाही म्हणत नाही, पॅकेट गिळून टाकते. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे मशीनपुढच्या फायरवॉलमध्ये, 'नकार' असा नियमच लिहिता येत नाही; ज्याला परवानगी दिली नाही ते गुपचूप गडप होतं. पहिल्या सिनलाच, म्हणजे जोडणी मागणाऱ्या पॅकेटलाच, उत्तर नसेल तर सिक्युरिटी ग्रुप, सबनेटचा (नेटवर्कच्या त्या तुकड्याचा) नेटवर्क एसीएल म्हणजे परवानग्यांची यादी, आणि रूट टेबल म्हणजे वाटांची यादी, या तीन ठिकाणी जायचं. यातला एसीएल जास्त छळतो. सिक्युरिटी ग्रुप लक्षात ठेवतो की हा आत गेला होता, त्याचं उत्तर बाहेर जाऊ दे. एसीएलला तशी आठवण नाही. तुम्ही पोस्टग्रेस डेटाबेसचं ५४३२ पोर्ट आत येऊ दिलं, पण उत्तर जातं ते विचारणाऱ्याच्या तात्पुरत्या पोर्टवर. लिनक्सवर ते साधारण ३२७६८ ते ६०९९९ मधलं असतं. ती बाहेरची वाट उघडायची राहते, आणि मग रात्रीचा फोन येतो.

तिसरा प्रकार वेगळा. लागतं, थोडं बोलतं, आणि मधेच गप्प होतं. आज खरं तर मी त्याच्यासाठीच आलोय.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं काम होतं, नाव राहू दे. त्यांचा पोस्टग्रेस डेटाबेस एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये, आणि रिपोर्ट काढणारी व्हीएम (आभासी मशीन) दुसऱ्या एका क्लाउडवर. मधे आयपीसेक टनेल, म्हणजे पॅकेट गुंडाळून गुप्तपणे नेणारा बोगदा; त्याचं एडब्ल्यूएसकडचं टोक आम्हीच एका लिनक्स व्हीएमवर चालवत होतो. पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं बारकं पॅकेट, लागत होता. लॉगिन होत होतं. टेबलमधल्या ओळी मोजायला सांगितल्या की आकडा लगेच येई. तेच टेबल पूर्ण मागितलं की कर्सर लुकलुकत बसे. डेटाबेसवाले म्हणाले नेटवर्क. नेटवर्कवाला, म्हणजे मी, म्हणालो डेटाबेस. पिंग लागतोय ना, मग माझा काय संबंध? एक अख्खा दिवस त्या बिचाऱ्यांनी इंडेक्स तपासण्यात घालवला.

संध्याकाळी दोन्ही टोकांना टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड, लावला. दोन्ही टोकांना लावायचा, हे कृपा करून लक्षात ठेवा. एकाच टोकाला लावला की काय पाठवलं एवढंच कळतं, काय पोचलं ते कळत नाही. आणि पाठवणाऱ्या बाजूला पाच-दहा हजार बाइटची पॅकेट दिसली तर दचकू नका, त्यांचे तुकडे नेटवर्क कार्ड नंतर करतं. डेटाबेसच्या बाजूला दिसत होतं: लेंग्थ, म्हणजे पॅकेटमधल्या डेटाचे बाइट, १४४८. पुन्हा तेच, १४४८. परत तेच. पोच येत नाही म्हणून तेच पुन्हा पाठवणं, आणि मधला वेळ दर वेळी दुप्पट होत चाललेला. रिपोर्टच्या बाजूला बारकी पॅकेट सगळी पोचलेली, १४४८ चं एकही नाही.

१४४८ म्हणजे काय? त्यात टीसीपीचं हेडर २०, टाइमस्टँपचे १२, आयपीचे २० मिळवा: बरोबर १५००. डेटाबेसच्या व्हीएमचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, ९००१ होता; व्हीपीसीच्या, म्हणजे एडब्ल्यूएसमधल्या आपल्या खासगी नेटवर्कच्या, आत तेवढा मिळतो. समोरच्याचा १५००. हस्तांदोलनात दोघांनी लहान आकडा धरला. पण मधलं टनेल दोघांनाही दिसत नाही. आयपीसेकचं वेष्टन प्रत्येक पॅकेटवर चढतं आणि तेवढी जागा खातं, त्यामुळे १५०० चं पॅकेट आत मावेना. पॅकेटवर 'तुकडे करू नका' असा शिक्का असतो. अशा वेळी राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपी निरोप द्यायचा (आयसीएमपी म्हणजे नेटवर्कच्या अडचणी कळवायची भाषा, पिंगही त्यातलाच), टाइप ३, कोड ४: एवढं मोठं जाणार नाही, लहान करून पाठव. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलेली आहे.

आमची लिनक्स व्हीएम इमानेइतबारे तो निरोप पाठवत होती. डेटाबेसच्या सबनेटच्या एसीएलवर तो अडत होता. एसीएल मीच लिहिला होता. सुरक्षा म्हणून आयसीएमपी बंद, आणि मॉनिटरिंगचे दिवे हिरवे राहावेत म्हणून फक्त एको, म्हणजे पिंग, तेवढा उघडा. म्हणूनच पिंग लागत होता!

याहून लाजिरवाणं पुढे आहे. फ्लो लॉग, म्हणजे काय स्वीकारलं आणि काय नाकारलं त्याची नोंद, चालू होता. त्यात नाकारलेल्या ओळी सकाळपासून पडत होत्या, प्रोटोकॉल १ (म्हणजे आयसीएमपी), पोर्ट शून्य. मी लॉग बघितला होता, पण ५४३२ पोर्टने गाळून. टीसीपीच्या ओळी सगळ्या स्वीकारलेल्या. आयसीएमपीला पोर्टच नसतो, तो माझ्या गाळणीत येणार कसा?

एसीएलमध्ये टाइप ३ उघडला आणि टनेलवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १३५० ला बांधला. रिपोर्ट आला.

गप्प होण्याचा आणखी एक प्रकार धावता सांगतो. चहाला जाऊन आलात आणि सेशन मेलेलं. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे (खासगी मशीनना बाहेर नेणारं दार) ३५० सेकंद हालचाल नसली की कनेक्शन विसरतो, गूगल क्लाउडची फायरवॉल १० मिनिटांनी. लिनक्सचा कीपअलाइव्ह, म्हणजे 'अजून आहेस ना' असं मधूनमधून विचारणं, मूळचा ७२०० सेकंदांनी जागा होतो. तो उठेपर्यंत चहाचे कपही विसळून झालेले असतात. कीपअलाइव्ह खाली आणा, उदाहरणार्थ ६० सेकंदांवर.

मागून प्रश्न आलाय, की मग आयसीएमपी सगळाच उघडा ठेवायचा का. नाही, पण टाइप ३ कोड ४ ला हात लावू नका. आधी घरी करून बघा: पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय द्या आणि आकार १४७२ ठेवा. हेडरचे २८ धरून ते १५०० होतं. नाही गेलं तर दहा-दहाने उतरत जा, कुठे जायला लागतं त्यात २८ मिळवा, तो साधारण तुमच्या वाटेचा खरा आकार. आणि आयपीव्ही६ वर जाणार असाल तर आयसीएमपीव्ही६ चा टाइप २, म्हणजे 'पॅकेट फार मोठं' हा निरोप, आधी उघडा, कारण तिथे राउटर तुकडे करतच नाहीत. तो निरोप अडला की पाठवणाऱ्याला कळायला सहसा दुसरी वाट नाही.